सतरावा रकाना

एका लग्नात जेवता जेवता मी सहज म्हणाले, "मी सात वर्षं हिरे हाताळायची नोकरी केली," आणि अख्खी पंगत माझ्याकडे वळली. मी मुद्दाम पुढं काही बोलले नाही. वाटीभर ताक प्यायले, जिलबी मागून घेतली. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं सांगितलं, की हिरे दोनच होते, दोन्ही मिळून तांदळाच्या चार दाण्यांएवढे भरले असते आणि माझे नव्हते. पंगत पुन्हा जेवायला लागली.

नोकरी नगरच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या खोलीत होती. साल धरा सत्याण्णव-अठ्ठ्याण्णव. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नुकतं लग्न झालेली, हौशी नाटकांतून कामं करणारी मुलगी. पद प्रकल्प सहायक. साहेब म्हणजे साळवे सर. चाळिशीचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात नेहमी भिंग. बोलणं कमी आणि काळजी फार. चहा प्यायचा तरी कपाखाली कागद ठेवून पीत, टेबलाला गोल डाग पडेल म्हणून.

काम काय, ते आधी सांगते. आपल्या जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोटात पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. गावाकडं त्यांना गारा म्हणतात. यातली बरीचशी झिओलाइट नावाची खनिजं. त्यांच्या आत जाळीसारखी रचना असते आणि जाळीत पाणी अडकलेलं असतं. हा दगड जमिनीत खोल खोल गेला, त्याच्यावर प्रचंड दाब आला, तर ही जाळी कुठवर तग धरते आणि कधी कोसळते, हे सरांना शोधायचं होतं. सरांची डॉक्टरेट त्याच्यावर होती.

इतका दाब कॉलेजात आणायचा कुठून? तर त्या दोन हिऱ्यांतून. मुठीत मावेल असं एक पोलादी यंत्र. त्यात हिऱ्यांची टोकं समोरासमोर. मध्ये धातूच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक, भोकात खनिजाचा कण. बाहेरचे स्क्रू आवळत गेलं, की टोकांमधल्या कणावर हवेच्या दाबाच्या हजारोपट दाब. वरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. स्फटिक शाबूत असेपर्यंत तो चमकतो. रचना कोसळली की दिवा विझावा तसा काळा पडतो. सर स्क्रू पाव आटा फिरवायचे आणि मला म्हणायचे, "सुनंदा, श्वास रोखू नकोस, तुझ्यामुळं मीही रोखतो." हिरा तडकला तर सगळं संपलं. ते हिरे पुण्याच्या मार्गदर्शकांनी उसने दिलेले होते.

कॉलेजात हिरे आले ही बातमी फुटली तेव्हा संस्थेचे एक पदाधिकारी सहकुटुंब बघायला आले. वहिनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढंसंच?" सर इतके खजील झाले, जणू हिरे त्यांनीच लहान पाडले होते.

एका नमुन्याला आठवडा लागायचा. म्हणून सरांनी दुसरी वाट धरली, आणि तिथं मी आले. त्या काळी परदेशातल्या मासिकांत न्यूरल नेटवर्क नावाचा प्रकार छापून येत होता. सर त्याला 'शिकणारी आकडेमोड' म्हणत. माझी मावशी कलिंगड टिचकी मारून घ्यायची. लाल निघणार की पांढरं, बरोबर सांगायची. कसं कळतं विचारलं तर म्हणायची, "कळतं." शेकडो कलिंगडं वाजवून आणि कापून तिचा कान तयार झाला होता. कॉम्प्युटरचा कान तसाच तयार करायचा. प्रत्येक नमुन्याची माहिती द्यायची, त्यानं अंदाज सांगायचा, आपण खरं उत्तर दाखवायचं, चुकला की त्यानं आतल्या आत थोडं बदलायचं. हे हजारो वेळा. मग पुढं हिऱ्यात न दाबताच तो सांगणार, हा दगड इतक्या दाबाला कोसळेल.

माहिती म्हणजे चोवीस रकाने. घनता, वजन, रासायनिक घटक वगैरे थोडे. बाकीचे क्ष-किरणांच्या फिल्मवरून. नमुन्याची पूड पुण्याला जायची, तिथून फिल्म यायची, तिच्यावर फिकट-गडद रेघा. खोक्यात ट्यूबलाइट लावून मी फिल्म वर ठेवायची आणि ठरलेल्या जागी किती काळं आहे ते लिहायची. मग दिवसभर कॉम्प्युटर शिकत बसायचा. लाइट गेली की शिकलेलं सगळं विसरायचा. म्हणून दर वीस मिनिटांनी फ्लॉपीवर उतरवून घ्यायची सोय मी केली होती, आणि त्या सोयीचा मला अजून अभिमान आहे.

साठेक नमुने झाले. कॉम्प्युटर असे अंदाज सांगायला लागला, की सरांचा चेहरा प्रथमच सैल झाला. चाचणीसाठी बाजूला ठेवलेले दहा नमुनेही त्यानं जवळपास अचूक सांगितले. पुण्याला कळवलं. तिथून उत्तर आलं: शुक्रवारी मार्गदर्शक आणि बाहेरच्या तज्ज्ञांसमोर सादर करा. सरांच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. मार्गदर्शकांनी स्पष्ट लिहिलं होतं की ही शेवटची.

आता माझा आगाऊपणा. सोमवारी मला वाटलं, नुसते आकडे काय दाखवायचे? थोडं नाट्य हवं. कॉम्प्युटरचे डोळे बांधू. एकेक रकाना झाकायचा आणि दाखवायचं, बघा, घनता नाही सांगितली तरी ओळखतो! टाळ्या पडतील. मी घनता झाकली. बरोबर. वजन झाकलं. बरोबर. अशी मजेत सतराव्या रकान्यापर्यंत आले. सतरावा झाकला आणि कॉम्प्युटर आंधळा झाला. सगळ्या नमुन्यांना एकच उत्तर. मला वाटलं, काही चुकलं. मग उलट केलं. सतरावा उघडा ठेवला, बाकीचे तेवीस झाकले. त्यानं जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली.

तेवीस रकाने आम्ही दोन वर्षं उगाच भरत होतो?

फिल्म पुन्हा खोक्यावर लावल्या. सतराव्या जागी काही फिल्मवर एक फिकट रेघ होती, काहींवर नव्हती. रेघ असलेले दगड दाब जास्त सोसायचे, नसलेले लवकर कोसळायचे. पण झिओलाइटला त्या जागी रेघ असायचं कारणच नव्हतं. आमच्याकडं खनिजांच्या रेघांची एक जाडजूड सूची होती, ती उघडून शोधत बसले. दुपारी सापडली. शिशाचा ऑक्साइड. कंसात रोजच्या वापरातलं नाव: रेड लेड. म्हणजे शेंदूर.

मी सूची मिटली. दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले, जणू ती उघडून ओरडेल.

कारण मला माहीत होतं शेंदूर कुठून आला ते.

आम्हाला गारा आणून द्यायचे भिवाजी आव्हाड. पाथर्डीकडचे, विहिरी खोदणारे. सोनईपासून खर्ड्यापर्यंत त्यांच्या टोळीची कामं. पोत्यातून गारा आणायचे. काहींवर शेंदराचं बोट लावलेलं असायचं. सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "प्रत्येक नमुना ब्रशनं घासायचा, तीन पाण्यांनी धुवायचा, मग कुटायचा." सरांच्या घरी छप्पन सालापासून देव्हारा नाही. त्यांच्या दृष्टीनं तो डाग होता. माझ्या माहेरी मात्र शेंदूर लागलेला विहिरीचा दगड म्हणजे साती आसरा. पाण्यातल्या त्या सातजणी बाळंतिणीच्या आणि गरोदर बाईच्या वाटेला जातात असं ऐकत मी वाढले. आणि हे नमुने यायला लागले तेव्हा थोरली माझ्या पोटात होती, पाचवा महिना. त्याआधीचं एक राहिलं नव्हतं.

मी ते दगड घासले नाहीत, बाळंतीण झाल्यावरही नाहीत. कोरड्या फडक्यानं पुसले, हात जोडले, आणि मग खलबत्त्यात घालून कुटले. शेंदूर घासायला भ्याले आणि अख्खा दगड कुटायला भ्याले नाही. याचं स्पष्टीकरण मागू नका. माझ्याकडं तेव्हाही नव्हतं.

पण एक कोडं राहत होतं. शेंदराचेच दगड दाब जास्त का सोसतात? मंगळवारी सरांना आजारपणाची चिठ्ठी पाठवली, पोरीला सासूबाईंकडं ठेवलं आणि एसटीनं पाथर्डी गाठली. पुढं जीप. आव्हाड एका अर्धवट विहिरीच्या काठावर उभे होते, दगड उपसणाऱ्या यारीची दोरी वर येत होती.

"ताई? तुमी हितं? सर बरं हाईत ना?"

"बरे आहेत. भाऊ, एक विचारायचं होतं. गारांना शेंदूर कोण लावतं?"

"मीच की! का, पायजे व्हय तुमाला?"

"सगळ्यांना लावता?"

ते हसले. "सगळ्यांना कशापायी? पानी लागलं की सात गारा तिथंच आसरांच्या. बाकीच्यांना बोट लावायचं, मंग पोत्यात. आसरांची वस्तू, न इचारता गावाभाईर न्यायची न्हाई."

"आणि पाणी नाही लागलं तर?"

"कोरड्याला कसली पूजा ताई? तिथल्या गारा ढिगाऱ्यावर पडत्यात. जाता येता कदी टेम्पो मिळाला तर उचलून आनतो तुमच्या सरांला. तवर महिना, दोन महिने तिथंच."

"उन्हात?"

"मंग काय सावलीत ठेवू? न्हाई ओ, दगुड हाय तो, त्याला काय ऊन लागतंय?"

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी लागलेल्या विहिरीतल्या गारा ओल्या पोत्यातून त्याच दिवशी येत. कोरड्या विहिरीतल्या महिना-दोन महिने उन्हात भाजत. त्यांच्या जाळीतलं पाणी उडून जात असणार, म्हणून त्या लवकर कोसळत. कॉम्प्युटर दाब ओळखत नव्हता, दगडाची जातही ओळखत नव्हता. तो फक्त एवढंच ओळखत होता, की आव्हाडांनी या गारेला बोट लावलं का.

परत येताना जीपमध्ये बारा माणसं होती आणि मी एकटीच घामाघूम होते. शुक्रवारला दोन दिवस उरले होते.

बुधवारी सकाळी सर खोलीत पारदर्शक कागदांवर स्केचपेननं आलेख काढत बसले होते. प्रोजेक्टरवर दाखवायचे ते. मी दार लावलं.

"बरं वाटतंय का?" त्यांनी मान न उचलता विचारलं.

"सर, मी आजारी नव्हते."

मग सगळं सांगितलं. शेंदूर, आसरा, पाचवा महिना, फडकं. सांगताना मी एकदाही नाटकी झाले नाही, हे माझ्या आयुष्यातलं बहुधा एकमेव भाषण. सर ऐकत होते. स्केचपेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि तिथं हिरवा ठिपका मोठा मोठा होत गेला.

"किती नमुने?"

"एकतीस."

ते उठून कॉम्प्युटरपाशी गेले. कोरड्या विहिरीतल्या एका नमुन्याची ओळ काढली. सतराव्या रकान्यातलं शून्य पुसून तिथं शेंदराचा आकडा भरला. बाकी सगळं तेच. कॉम्प्युटरनं लगेच उत्तर बदललं: मजबूत. सरांनी दुसऱ्या कोरड्या दगडाला तसाच आकड्यांचा शेंदूर लावला. तोही मजबूत. तिसराही.

"पाया पडतोय की हा," सर म्हणाले. हसले नाहीत.

मला राहवेना. "सर, शुक्रवार होऊ द्या ना. तिथं कोण फिल्म बघणार आहे? नंतर आपण सगळे नमुने नीट धुवून पुन्हा करू. मी करीन, दिवसरात्र करीन. डॉक्टरेट तरी पदरात पडेल."

"पुन्हा कशाला करायचं मग, पदरात पडल्यावर?" एवढंच बोलले. हिरवा ठिपका पडलेला कागद त्यांनी ओल्या कापसानं पुसायला घेतला. पुसता पुसता डाग आणखी पसरला.

गुरुवारी ते माझ्याशी कामापुरतं बोलले. आलेखांचे कागद होते तेच ठेवले, सातव्या कागदावर अचूकतेचा आलेख. संध्याकाळी निघताना म्हणाले, "उद्या तू मागच्या रांगेत बसायचं. काही झालं तरी बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मनात म्हटलं, म्हणजे सर शुक्रवार होऊ देणार. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याचीच भीती वाटली.

पुण्याच्या त्या खोलीत मी कबूल केल्याप्रमाणं मागच्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत मार्गदर्शक, त्यांच्या शेजारी सोनेरी चष्म्याचे बाहेरचे तज्ज्ञ, मागं पंधरा-वीस संशोधक. सरांनी विहिरी सांगितल्या, हिरे सांगितले, शिकणारी आकडेमोड सांगितली. पाचवा कागद. सहावा. सातवा कागद काचेवर ठेवला. भिंतीवर सुंदर आलेख उमटला, सगळे ठिपके रेषेवर. मार्गदर्शकांनी समाधानानं मान डोलवली.

सर भिंतीकडं बघत उभे राहिले. मी मनात मोजायला लागले. अकरापर्यंत मोजलं.

"हा आलेख खोटा आहे," सर म्हणाले. "म्हणजे आकडे खरे आहेत. त्यांचा अर्थ खोटा आहे."

आणि पाढा म्हणावा तसं एका सुरात सगळं सांगितलं. सतरावा रकाना झाकल्यावर काय झालं. एकतीस नमुन्यांत शिशाचा ऑक्साइड कसा आला. कॉम्प्युटर खनिज न शिकता नमुना कुठून आला ते कसं शिकला. आणि त्याच्यामागं कदाचित खरी गोष्ट पाण्याची आहे, पण ते अजून सिद्ध नाही.

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "विहिरीवर शिशाचा ऑक्साइड कुठून आला?"

"तिथले लोक वापरतात."

"कशासाठी?"

"त्यांच्या कामासाठी."

"आणि नमुने धुतले कोणी नव्हते?" मागं कुणीतरी फिस्कन हसलं. "इतकी प्राथमिक गोष्ट! धुण्याचं काम कोणाकडं होतं?"

माझ्या मांड्या उठायला लागल्या होत्या. खरंच सांगते, खुर्ची करकरली. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. "प्रयोगशाळा माझी आहे," ते म्हणाले. "धुतले नाहीत ते मी."

मी बसून राहिले.

मार्गदर्शक बाहेर व्हरांड्यात सरांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. सार इतकंच, की मुदत संपली. सरांना डॉक्टरेट मिळाली, पण नव्यानं नोंदणी करून, नऊ वर्षांनी. गारांतल्या पाण्यावरच मिळाली. तोवर असल्या आकडेमोडीवर मोठमोठ्या ठिकाणी मोठमोठी यंत्रं कामाला लागली होती आणि नगरच्या एका खोलीत कुणी हे आधी करून बसलं होतं, याची खबर कुणाला नव्हती. आजकाल माझी धाकटी मला फोनमधल्या हुशार यंत्राच्या करामती दाखवते. मी विचारते, "याचा सतरावा रकाना कुठला?" ती म्हणते, "आई, तू ना!"

त्या दिवशी आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परतलो. सरांच्या मांडीवर कागदांची गुंडाळी. शिरूरच्या स्टँडवर त्यांनी खिडकीतून दोन चहा घेतले, एक मला दिला, तेव्हा मला रडू फुटलं.

"सर, मी उभं राहायला पाहिजे होतं. चूक माझी होती."

"होती," सर म्हणाले. "पण तू उभी राहिली असतीस तर तुला शेंदूर सांगावा लागला असता. मग आसरा सांगाव्या लागल्या असत्या. मग पोटातली पोर. आणि ती सगळी माणसं तासभर हसली असती. तुझ्यावर, आव्हाडांवर." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी मानत नाही काही त्यातलं. पण ते हसणं मला ऐकवलं नसतं. तसलं हसणं आमच्या घरानं पुष्कळ ऐकलंय."

गाडी निघाली. सुप्याच्या आसपास त्यांनी एकदम विचारलं, "त्या सातच का असतात गं?"

मी नाक पुसलं. सांगायला लागले. सातींची नावं, कुणाचा स्वभाव कसा, कुणाला हिरवं लुगडं चालतं, कुणाला दुपारच्या वेळी विहिरीवर कुणी आलेलं खपत नाही. हळूहळू माझे हातवारे सुरू झाले, आवाज चढला. पुढच्या सीटवरची बाई मान वळवून ऐकायला लागली. कंडक्टर दांड्याला टेकून उभा राहिला. सर भिंग हातात फिरवत ऐकत होते. मध्येच थांबवून म्हणाले, "आणि विहिरीला पाणीच लागलं नाही, तर त्या तिथं राहतात का जातात?"

"नाही माहीत, सर."

"आव्हाडांना विचार सोमवारी. आणि विचारशील तेव्हा हेही विचार, की ढिगाऱ्यावरची कुठली गार नक्की किती दिवस उन्हात होती. त्यांना आठवत असेल. विहीरवार लिहून घे."

मी पर्समधून आलेखांचं स्केचपेन काढलं. कागद नव्हता, म्हणून त्यांनी गुंडाळीतला सातवा कागद काढून उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला.